घरच्या ध्वनिमुद्रणासाठीं सीक्वेन्सर कसा निवडावा?

गेल्या सहामाही परीक्षेनंतर एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा नववींत आहे. गळा गोड, पेटीवर हातहि बरा बसलेला. त्यानें घरीं हट्ट धरला होता कीं, संगणकावर गाणीं तयार करण्याचें सॉफ्टवेअर मला विकत घेऊन द्या. वडिलांनीं खिशांतून घडी केलेला एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यावर पांच नांवें होतीं व प्रत्येक नांवापुढें किंमत लिहिली होती. सर्वांत वरची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराहून फारशी कमी नव्हती. ते म्हणाले, "सर, मला यांतलें कांहीं कळत नाहीं. चांगलें कोणतें, तेवढ्यावर आपण खूण करून द्या. मुलाच्या विद्येसाठीं पैसे गेले तर वाईट वाटणार नाहीं. पण घेतलेली वस्तु पडून राहूं नये."

आम्हीं त्या कागदावर खूण केली नाहीं. उलट त्यांनाच विचारलें, "मुलाला त्यावर करावयाचें काय आहे?" ह्याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न मुलाला विचारला, तेव्हां त्याच्यापाशींहि नव्हतें. "सर, सगळे मोठे संगीतकार हेंच वापरतात," एवढेंच तो म्हणाला. असे हट्ट पुष्कळ घरांत चालू असतील व असे कागद पुष्कळ खिशांत असतील, असें वाटल्यावरून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम ह्या वस्तूचें स्वरूप समजून घेऊं. संगीत सांठवून ठेवण्याच्या रीति मुळांत दोन आहेत. पहिली ग्रामोफोनची. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ तयार केला. त्यांत आवाजाच्या कंपनांचीच रेघ उमटत असे. पुढें निघालेल्या तबकड्यांतहि तेंच तत्त्व होतें. गाणाऱ्यानें श्वास घेतला तर श्वास उमटला, खोकला आला तर खोकला उमटला. दुसरी रीति पियानोलाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत आपोआप वाजणारे पियानो निघाले. त्यांत कागदाची एक लांब गुंडाळी बसवीत व त्या कागदाला छिद्रें असत. छिद्राच्या जागेवरून कोणती पट्टी दाबावयाची, आणि छिद्राच्या लांबीवरून ती किती वेळ धरून ठेवावयाची, हें यंत्रास कळे. ह्या कागदावर आवाज मुळींच नसे. असत त्या केवळ सूचना. तोच कागद सुरेल पियानोवर चढविला तर गाणें सुरेल वाजे, बेसूर पियानोवर चढविला तर बेसूर वाजे.

सीक्वेन्सर हा ह्या पियानोलाचा नातू होय. स्वरांच्या सूचना क्रमानें लिहून ठेवणें, त्या हव्या तशा बदलणें व वाद्याकडून वाजवून घेणें, हें त्याचें काम. सीक्वेन्सरमध्यें स्वर लिहिण्याची जी चौकट उघडते तिला आजहि 'पियानो रोल' म्हणजे पियानोची गुंडाळी असेंच म्हणतात. उभ्या बाजूस स्वर, आडव्या बाजूस काळ, आणि मध्यें लहानमोठ्या कांड्या. जुन्या कागदांतील छिद्रांचेंच हें रूप आहे.

ह्या सूचनांची भाषा कशी ठरली, तेंहि जाणण्यासारखें आहे. १९८० च्या सुमारास निरनिराळ्या कारखान्यांचीं विद्युत्-वाद्यें आपापली निराळी भाषा बोलत. एकाचें बोलणें दुसऱ्यास कळत नसे. तेव्हां अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी ह्यांनीं पुढाकार घेऊन सर्वांसाठीं एक भाषा घडवून आणिली. तिचें नांव मिडी. जानेवारी १९८३ मध्यें अमेरिकेंतील वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनांत दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें तारेनें जोडण्यांत आलीं, आणि एकावर बोटें ठेवतांच दुसरें वाजूं लागलें. एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांनीं एकत्र बसून केलेलें हें काम आज चाळिसांहून अधिक वर्षें टिकून आहे. २०१३ सालीं ह्या दोघांना त्याबद्दल ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मिडीची भाषा फार थोड्या शब्दांची आहे. स्वरांना ० पासून १२७ पर्यंत अंक दिलेले आहेत. पियानोच्या मध्यावरील 'सी' ह्या स्वराचा अंक ६०. पट्टी किती जोरानें दाबली तेंहि १२७ पर्यंतच्या अंकानेंच सांगावयाचें. अशा सूचना किती थोड्या जागेंत मावतात तें एका हिशेबानें पाहा. तीन मिनिटांच्या गाण्यांत पेटीचे एक हजार स्वर वाजले असें धरूं. प्रत्येक स्वरास 'दाब' व 'सोड' अशा दोन सूचना, आणि प्रत्येक सूचना तीन बाइटांची. म्हणजे सहा हजार बाइट, व काळाच्या नोंदीसाठीं आणखी थोडे. आतां तेंच गाणें सीडीच्या प्रतीनें ध्वनिमुद्रित करूं. दर सेकंदास ४४,१०० मोजण्या, प्रत्येक मोजणीस दोन बाइट, आणि डावी व उजवी अशा दोन बाजू. तीन मिनिटांचे झाले ३ कोटि १७ लक्ष ५२ हजार बाइट! पहिल्यांत केवळ सूचना आहेत, दुसऱ्यांत प्रत्यक्ष ध्वनि आहे, म्हणून हा फरक.

ह्या फरकांतूनच दोहोंचे गुणदोष निघतात. लिहिलेल्या सूचना तुम्हांस हव्या तशा बदलतां येतात. काळी एकमधील गाणें काळी चारमध्यें न्या, लय दुप्पट करा, बांसरीच्या जागीं व्हायोलिन ठेवा, चुकलेला एकच स्वर उचलून योग्य जागीं बसवा. सर्व क्षणांत होतें. ध्वनिमुद्रणांत हें इतकें सुखानें होत नाहीं. परंतु कितीहि सूचना लिहिल्या तरी त्यांतून तुमच्या बहिणीचा गळा किंवा आजीची ओवी निघणार नाहीं. ती माइकपुढें बसवूनच घ्यावी लागते.

आजच्या बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्यें ह्या दोन्ही रीति एकत्र नांदतात. आरंभीं तसें नव्हतें. १९८५ सालीं निघालेल्या अटारी एसटी ह्या संगणकाला मिडीचीं भोकें जन्मतःच होतीं, म्हणून संगीतकारांनीं तो उचलला. १९८९ सालीं जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनें त्याच्यासाठीं क्यूबेस काढलें, तें केवळ सूचना लिहीत असे. १९९१ मध्यें निघालेलें प्रो टूल्स ध्वनीच्या बाजूनें आलें. संगणक बलवान् होत गेले तसे हे दोन रस्ते एकमेकांस मिळाले. तरी प्रत्येक सॉफ्टवेअरचा ओढा आपल्या माहेराकडे थोडा राहतोच, व निवड करतांना तो ओळखावा लागतो.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत जाण्यापूर्वीं, किंवा घरबसल्या पैसे भरण्यापूर्वीं, सहा प्रश्न क्रमानें स्वतःला विचारावे.

पहिला प्रश्न: मला नेमकें करावयाचें काय? ज्यास गळा, पेटी, तबला आहे तसा मुद्रित करून, मधल्या चुका कापून, तुकडे जोडावयाचे आहेत, त्यास सीक्वेन्सरची गरजच नाहीं. २००० सालीं निघालेलें ऑडॅसिटी त्याला पुरे होईल. त्यास मोल पडत नाहीं. ज्यास स्वतः कांहीं न वाजवितां कृत्रिम वाद्यांच्या साहाय्यानें रचना करून पाहावयाच्या आहेत, त्यानें एलएमएमएस पाहावें. तेंहि विनामूल्य असून विंडोज, लिनक्स व मॅक ह्या तिहींवर चालतें. मात्र गळा मुद्रित करणें हें त्याचें काम नव्हे. ज्यास दोन्ही हवें, म्हणजे मागें लिहिलेली वाद्यें व पुढें खरा गळा, त्यानें दोन्ही रीति जाणणारें सॉफ्टवेअर घ्यावें. त्याचीं नांवें पुढें येतीलच. आणि ज्यास प्रार्थनेच्या गायनवृंदासाठीं सोप्रानो, आल्टो, टेनर व बास असे चार आवाज पाश्चात्य स्वरलिपींत लिहावयाचे आहेत, त्यास म्यूझस्कोअर हें विनामूल्य साधन सर्वांत सोयीचें. त्यांत आपला एकटा आवाज वाजवून त्याबरोबर घरीं तालीम करतां येते. नाताळाच्या गाण्यांत ज्यांचा आल्टो दर वर्षीं सोप्रानोकडे घसरतो, त्यांनीं ह्याचा अवश्य विचार करावा.

दुसरा प्रश्न: घरीं यंत्र कोणतें आहे? ॲपलचा संगणक, टॅबलेट किंवा फोन असेल तर गॅरेजबँड विनामूल्य मिळतें. तें २००४ सालीं निघालें, नवशिक्यास समजावयास सोपें आहे, व दोन्ही रीति जाणतें. पण विंडोज किंवा अँड्रॉइडवर तें चालत नाहीं. विंडोजचा साधा संगणक असेल तर रीपर, आर्डर वगैरे दोन्ही रीति जाणणारीं सॉफ्टवेअर चालतात. केवळ फोन असेल तर बँडलॅबवर आरंभ करतां येतो. पांचदहा ट्रॅकांच्या गाण्यास आठ जीबी रॅमचा संगणक सहसा पुरतो. शेजारच्या मुलाचें सॉफ्टवेअर चांगलें म्हणून त्यापायीं नवा संगणक घेणें म्हणजे एका लगामासाठीं घोडा विकत घेण्यासारखें आहे.

तिसरा प्रश्न: आपला ताल व आपले स्वर त्यांत मावतात काय? ही गोष्ट विदेशी पुस्तकांत सांपडत नाहीं, म्हणून येथें जरा थांबणें अवश्य आहे. हीं सॉफ्टवेअर बहुधा चार मात्रांचा एक विभाग धरून चालतात. केरवा आठ मात्रांचा व तीनताल सोळा मात्रांचा, म्हणून ते त्या चौकटींत सहज बसतात. पण झपतालाच्या दहा मात्रा २-३-२-३ अशा, व रूपकाच्या सात मात्रा ३-२-२ अशा. चारचारांच्या चौकटींत झपतालाची दुसरी सम विभागाच्या मध्यावर येऊन पडते, रूपकाची तर भलतीकडेच. मुलगा पडद्याकडे पाहून मोजूं लागला कीं त्याची सम चुकते. म्हणून एका विभागांत दहा किंवा सात मात्रा ठेवतां येतात कीं नाहीं, व गाण्याच्या मध्येंच ही संख्या बदलतां येते कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं पडताळून पाहावें. विलंबित लयीसाठीं एक युक्ति सांगतों. मिनिटास पंधरा मात्रा इतकी संथ गति सॉफ्टवेअर घेत नसेल तर ठोके मिनिटास साठ ठेवावे व चार ठोक्यांची एक मात्रा मानावी.

स्वरांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याशीं मिळणारा शुद्ध गांधार बरोबर ३०० कंपनांचा होतो. परंतु सीक्वेन्सरचे बारा स्वर, पेटीप्रमाणेंच, सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात. त्यांतला गांधार सुमारें ३०२.४ कंपनांचा येतो. हे दोन गांधार एकदम वाजविले तर सेकंदास दोनांहून अधिक हेलकावे कानाला स्पष्ट कळतात. कांहीं सॉफ्टवेअरमध्यें, व त्यांत बसवावयाच्या कांहीं वाद्यांत, प्रत्येक स्वर थोडा चढवितां-उतरवितां येतो. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यानें ही सोय आहे काय तें पाहावें. मींडेचेंहि तसेंच. मिडींत स्वर वांकविण्याची सोय आहे व तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. पण पायऱ्या पुष्कळ असल्या तरी जिना तो जिनाच, आणि बोटानें किंवा गळ्यानें घेतलेली मींड ती मींड. ज्या जागीं मींड हवी त्या जागीं खरें वाद्य मुद्रित करावें, हा सोपा नियम आहे.

चौथा प्रश्न: पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती विलंब लागतो? संगणक ध्वनीचे अंक लहान लहान गठ्ठ्यांनीं हाताळतो. गठ्ठा १०२४ मोजण्यांचा असेल तर तेवढ्यानेंच सुमारें २३ मिलिसेकंद जातात. तेवढ्या अवकाशांत ध्वनि हवेंतून जवळ जवळ आठ मीटर जातो. म्हणजे पेटी तुमच्या मांडीवर व तिचा आवाज दिवाणखान्याच्या पलीकडून! गठ्ठा १२८ मोजण्यांचा केला तर हा विलंब तीन मिलिसेकंदांवर येतो, पण संगणकावर ताण पडून आवाज तुटूं लागण्याचा संभव असतो. विंडोजवर ह्यासाठीं एएसआयओ नांवाचा ड्रायव्हर वापरतात; सॉफ्टवेअर तो ओळखतें काय तें पाहावें. गातांना बिनतारी हेडफोन घालूं नयेत, कारण त्यांचा विलंब ह्याहून पुष्कळ अधिक असतो. गाणारा नेहमीं मागें पडतो अशी तक्रार ऐकूं आली तर मुलास रागें भरण्यापूर्वीं हेडफोन तपासावा.

पांचवा प्रश्न पैशाचा. विनामूल्य साधनांचीं नांवें वर आलींच आहेत. रीपर २००६ पासून आहे. तें ६० दिवस पूर्णपणें वापरून पाहतां येतें व मग व्यक्तिगत उपयोगासाठीं ६० डॉलर भरावयाचे असतात. त्यांत वाद्यें मात्र नांवापुरतींच मिळतात, तीं बाहेरून जोडावीं लागतात. क्यूबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ, लाइव्ह हीं मोठीं नांवें खरोखरच मोठीं आहेत. पण तीं रोजच्या धंद्याच्या माणसांसाठीं बांधलेलीं आहेत. सुतारकाम शिकणाऱ्या मुलास पहिल्या दिवशीं चाळीस पटाशा देऊन काय उपयोग? आणि येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. महाग सॉफ्टवेअरच्या चोरलेल्या प्रति सर्रास मिळतात, व पुष्कळ सुशिक्षित घरांतहि त्या घेण्यांत कोणास संकोच वाटत नाहीं. कुलूप तोडून आंत शिरणें व कुलूप तोडलेली वस्तु घरांत ठेवणें ह्यांत अंतर फार थोडें आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकांत रोग येतात ते निराळेच. ज्या देशांत विनामूल्य व निर्दोष साधनें इतकीं सहज हातीं येतात, तेथें स्तुतिगीत मुद्रित करावयास चोरीचें साधन वापरणें शोभत नाहीं.

सहावा प्रश्न सर्वांत शेवटचा असला तरी आमच्या अनुभवानें सर्वांत महत्त्वाचा आहे: केलेलें काम दहा वर्षांनीं उघडेल काय? हा धडा आम्ही किंमत देऊन शिकलों, म्हणून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मातोश्रींच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या व दोन भजनें आम्हीं घरीं मुद्रित केलीं. पहांटे पंखा बंद करून, दारावर गोधडी टांगून, तीन दिवस हें काम चाललें होतें. एका कंपनीचें सॉफ्टवेअर परीक्षेसाठीं विनामूल्य मिळालें होतें. त्यांतच मागें तंबोरा व मंद पेटी लिहून जोडली. मुदत संपली, इतर कामें निघालीं, आणि पुढें मातोश्री वारल्या. वर्षश्राद्धाच्या सुमारास भावंडांना ऐकवावें म्हणून तें काम उघडूं गेलों, तों सॉफ्टवेअर पैसे मागूं लागलें; पैसे भरले तर म्हणालें कीं, ही जुन्या आवृत्तीची फाइल आहे, उघडतां येत नाहीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दहावींतल्या एका विद्यार्थिनीनें तें फोल्डर चाळून आंतलें एक लहान फोल्डर दाखविलें. त्यांत माइकमधून आलेला प्रत्येक आवाज वेव्ह नांवाच्या साध्या फाइलींत जसाच्या तसा होता. तंबोरा गेला, पेटी गेली, आमची सारी मांडणी गेली. आईचा आवाज मात्र राहिला.

म्हणून नियम असा. सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल बहुधा त्या सॉफ्टवेअरलाच वाचतां येते. गाणें पुरें होतांच प्रत्येक ट्रॅक निराळी वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा. लिहिलेल्या सूचना मिडी फाइल म्हणून बाहेर काढाव्या, कारण त्या फाइलींचा सर्वमान्य नमुना १९८८ पासून चालत आला आहे व जवळ जवळ प्रत्येक सीक्वेन्सरला तो कळतो. आणि ह्या सर्वांच्या दोन प्रति दोन निराळ्या जागीं ठेवाव्या. ज्या सॉफ्टवेअरमध्यें असें बाहेर काढतां येत नसेल, तें कितीहि सुंदर असलें तरी घेऊं नये. कांहीं परीक्षेच्या प्रतींत काम जपून ठेवतां येतें, पण पुन्हां उघडतां येत नाहीं. तेंहि पहिल्याच दिवशीं करून पाहावें.

आतां पालकांच्या मनांतील एका शंकेकडे येतों. असल्या साधनामुळें मुलगा रियाज सोडील काय? ही भीति अगदींच निराधार नाहीं. सीक्वेन्सरमध्यें क्वांटाइज म्हणून एक आज्ञा आहे. ती दिली कीं मागेंपुढें पडलेले सर्व स्वर ठोक्यावर जाऊन उभे राहतात, जणूं कवायतीच्या मैदानावर शिपाई. पहिल्यांदा हें पाहून मुलास फार आनंद होतो. पण तबल्याचा बोल ठोक्याच्या किंचित् मागें ठेवण्यांत जी गंमत आहे ती त्याबरोबर निघून जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपला हात कोठें चुकला हें मुलास कळतच नाहीं. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं, चूक दिसली तर आज्ञा देऊं नका, पुन्हां वाजवा. दहा वेळां वाजवूनहि साधलें नाहीं तर मग यंत्राची मदत घ्या. ह्या रीतीनें वापरला तर सीक्वेन्सर रियाजाचा वैरी न होतां पंतोजी होतो. न थकतां ठोका देतो, चुकलेली जागा दाखवितो, व कालचें गाणें आजच्या गाण्याशेजारीं ठेवतो.

पेटीचा इतिहास येथें आठवावा. मींड घेतां येत नाहीं व स्वर बांधलेले आहेत, ह्या कारणांसाठीं १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या केंद्रांतून बंदी केली, आणि ती बंदी १९७१ मध्यें सैल होईपर्यंत तीस वर्षें गेलीं. आक्षेप खोटे नव्हते. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातांत तीच पेटी रसिकांना डोलावीत होती, हेंहि खोटें नव्हे. सीक्वेन्सरवरील आक्षेपहि तेच आहेत, व त्यांचें उत्तरहि तेंच: मर्यादा ओळखून वाजविणारा हात पाहिजे.

शेवटीं नवशिक्यास एक महिन्याचा पाठ सांगतों. पहिल्या आठवड्यांत केवळ ठोका लावून आपला गळा मुद्रित करा व तो निर्विकार मनानें ऐका. हें वाटतें तितकें सोपें नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत पेटीचा एक ट्रॅक लिहा किंवा वाजवा. तिसऱ्यांत ताल लिहा. चौथ्यांत तिन्ही आवाजांचें प्रमाण बसवून गाणें बाहेर काढा व घरच्या मंडळींस ऐकवा. गाणें एकच असावें, पण पुरें असावें. अर्धवट गाण्यांचीं वीस फोल्डर पाळणारा विद्यार्थी कांहींच शिकत नाहीं. एक गाणें पुरें झाल्यावर आपल्या साधनांत काय उणें आहे तें तुम्हांस स्वतःच कळेल, व मग विकत घेण्याचा प्रश्न निघाला तर उत्तर तुमच्यापाशींच असेल.

आरंभीं ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली त्यानें आठ दिवस विचार करून उत्तर आणिलें. त्याला उपासना-संगीतांतील एक गीत धाकट्या बहिणीच्या गळ्यानें गाऊन घ्यावयाचें होतें, स्वतः पेटी धरावयाची होती, आणि तें नाताळांत गांवीं आजोबांना पाठवावयाचें होतें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्यांना देवळांत जातां येत नाहीं. ह्या कामाला जुना घरचा संगणक व एक विनामूल्य सॉफ्टवेअर पुरे झालें. वडिलांनीं फक्त एक बेताच्या किंमतीचा माइक व तारेचा हेडफोन घेऊन दिला. गीतांत दोन जागीं बहीण घाईनें पुढें गेली आहे व शेवटच्या कडव्यांत मागें कुकरची शिटी ऐकूं येते. ती काढून टाकतां आली असती, पण मुलगा म्हणाला, "असूं द्या सर. आजोबांना घर ऐकूं येईल."

पांच नांवांचा तो कागद अजून आमच्या टेबलाच्या खणांत आहे. वडिलांना परत न्यावयाची आठवण झाली नाहीं.